नेहमीचंच

रात्री नऊच्या सुमाराला घरून फोन येतो. जेवलास का, पाऊस आहे का तिकडे, हे झाल्यावर आई विचारते, "आज काय केलंस ऑफिसात?" मी म्हणतो, "काही नाही, नेहमीचंच." मग ती शेजारच्या लग्नाचं सांगते आणि फोन संपतो.

दहा तास गेलेले असतात. जाण्यायेण्याचे दोन वेगळे. एवढ्या वेळात काहीच घडलं नाही असं होत नाही, पण सांगायला गेलं की हाताला काही लागत नाही. साहेबांशी खडाजंगी झाली असती तर सांगितली असती. पगारवाढ झाली असती तर आधी तीच सांगितली असती. नेहमीचा दिवस मात्र सांगता येत नाही, आणि वर्षातले बहुतेक दिवस नेहमीचेच असतात.

नोकरीच्या कंटाळ्यावर आपल्याकडे बोललं पुष्कळ जातं. सोमवारची मीम्स रविवारी संध्याकाळपासूनच सुरू होतात. पण सगळं बोलणं फिरून एकाच प्रश्नावर येतं: सोडायची की नाही? आपले सिनेमेही बहुतेक हाच प्रश्न विचारतात आणि 'सोड' असं उत्तर देतात. ज्याला दर महिन्याच्या पाच तारखेला हप्ता भरायचा आहे आणि जो नोकरी सोडणार नाही, त्याच्या दिवसाचं काय करायचं, हा प्रश्न मागे राहतो. गेल्या काही महिन्यांत मी नोकरदार माणसांच्या काही गोष्टी पुन्हा पाहिल्या आणि वाचल्या. तीन सिनेमे, एक दीर्घकथा, एक कविता. सगळ्यांना एकच कसोटी लावून पाहिली: ही कलाकृती 'नेहमीचंच' या शब्दाच्या आत शिरते का, की बाहेरूनच त्याला नावं ठेवते? (पुढे सगळ्यांचे शेवट उघड केले आहेत.)

झरझर दाखवलेली सकाळ

इम्तियाज अलीचा 'तमाशा' (२०१५) माझ्या वयाच्या अनेकांनी कॉलेजात किंवा पहिल्या नोकरीत पाहिला. मीही पाहिला आणि बाहेर पडताना राजीनाम्याचा मसुदा मनात तयार होता. कॉर्सिकात वेद एक मोकळा, गोष्टी सांगणारा, खट्याळ मुलगा असतो. दिल्लीत तो कंपनीतला प्रॉडक्ट मॅनेजर असतो, वेळेवर येणारा, सभ्य, सपाट. दीपिका पदुकोणच्या ताराला हा दुसरा माणूस ओळखू येत नाही. पुढचा सगळा सिनेमा खऱ्या वेदला बाहेर काढण्याचा आहे, आणि शेवटी तो रंगमंचावर पोचतो.

परवा पुन्हा पाहताना मला वेदची सकाळ खटकली. दात घासणं, टाय बांधणं, गाडी, ऑफिस. तेच तुकडे पुन्हा पुन्हा, झरझर, संगीताच्या ठेक्यावर येतात. असा मोंटाज प्रेक्षकाला एक गोष्ट लगेच पटवतो: हे सगळे दिवस एकसारखे आहेत, त्यामुळे एकही नीट पाहण्याची गरज नाही. दिग्दर्शकाने दिवस कापून टाकले आणि मग म्हणाला, बघा, यांत काही नव्हतं. वेद त्या ऑफिसात नेमकं काय करतो, त्यातला कुठला भाग त्याला चांगला जमतो, शेजारच्या टेबलावर कोण बसतं, हे सिनेमाभर आपल्याला धड कळत नाही. नोकरी हा तिथे एक आजार आहे. आजाराचा तपशील कशाला द्यायचा, औषध महत्त्वाचं.

याच सिनेमात एक रिक्षावाला आहे. त्याला गाण्याची ओढ होती, घर चालवायचं म्हणून रिक्षा हाती आली. त्याच्याशी बोलून वेद हलतो. बदलतो मात्र वेदच. रिक्षावाला पुढच्या सिग्नलला निघून जातो आणि त्याची सकाळ कुणी दाखवत नाही. राजीनामा हा ज्यांचा शेवट असू शकतो त्यांच्याच गोष्टी सांगायच्या ठरवल्या, तर बाकीची माणसं अशी दुसऱ्याच्या जागृतीला निमित्त होऊन उरतात. 'तमाशा' मला अजूनही काही ठिकाणी रडवतो. पण तो माझ्या सोमवारबद्दल नाही, हे आता कळतं.

पाचची गाडी

काफ्काची 'मेटामॉर्फोसिस' ही दीर्घकथा १९१५ साली छापून आली. तिची सुरुवात न वाचलेल्यांनाही माहीत असते: ग्रेगोर साम्सा सकाळी उठतो तो किडा होऊनच. पण त्यानंतरची काही पानं सहसा कुणी सांगत नाही. आपण किडा झालोय हे पाहिल्यावर ग्रेगोरचं लक्ष जातं घड्याळाकडे. गजर चारचा होता. पाचची गाडी चुकली. साडेसहा वाजून गेलेत. सातची मिळेल का? आजारी आहे असं कळवलं तर कंपनी विम्याचा डॉक्टर घेऊन येईल आणि डॉक्टरच्या लेखी सगळी माणसं धडधाकट आणि कामचुकार असतात. इतकं सगळं तो पाठीवर पडल्या पडल्या, पाय हलवत विचार करतो. सातनंतर थोड्याच वेळात ऑफिसातला वरिष्ठ कारकून थेट घरी येऊन दारात उभा राहतो.

ताप अंगात असताना सुट्टीचा मेसेज कसा लिहावा म्हणून तीनदा खोडून पुन्हा टाइप केलेल्या कुणालाही ही पानं विचित्र वाटणार नाहीत. काफ्का इथे प्रतीकबितीक काही करत बसत नाही. तो गाड्यांच्या वेळा देतो.

दाराबाहेर आई त्या कारकुनाला समजावते. माझ्या मुलाच्या डोक्यात नोकरीशिवाय दुसरं काही नसतं हो, संध्याकाळी बाहेरही पडत नाही. टेबलाशी बसून पेपर वाचतो नाहीतर रेल्वेचं वेळापत्रक बघतो. त्याची करमणूक एकच, लाकूड कोरायचं. परवा दोन-तीन संध्याकाळी बसून एक छोटीशी चौकट केली, फार सुरेख आहे. पुढे घरचे त्याची खोली रिकामी करायला लागतात तेव्हा भिंतीवर चढून तो त्याच चौकटीतल्या चित्राला चिकटून बसतो. दोन-तीन संध्याकाळींतून उरलेली तेवढी एक वस्तू त्याला सोडवत नाही.

ग्रेगोर फिरता विक्रेता आहे. आईवडिलांचं मालकाकडे असलेलं कर्ज तो फेडतो आहे, अजून पाच-सहा वर्षं लागतील. सुरुवातीला त्याने घरी पैसे आणले तेव्हा सगळ्यांना अप्रूप वाटलं होतं. मग सवय झाली. पैसे आभार मानून घेतले जात, पण त्यात पूर्वीची ऊब राहिली नाही. त्याचा दिवस कसा जातो हे घरात कुणाला धड ठाऊक नाही. दिवसाची गोष्ट कुणीच न ऐकलेला माणूस एक दिवस बोलायला तोंड उघडतो आणि त्याचे शब्दच कुणाला कळत नाहीत. किडा होणं त्याआधीच सुरू झालं होतं असं मला वाटतं.

शेवटचं पान मी या वेळी सावकाश वाचलं. ग्रेगोर मेल्यावर वडील, आई आणि बहीण सुट्टी घ्यायचं ठरवतात आणि टेबलाशी बसून तीन अर्ज लिहितात, तिघांच्या तीन मालकांना. तिघंही आता नोकरदार आहेत. मग ट्रामने शहराबाहेर जाताना ते भविष्याचा हिशेब करतात. तिथे काफ्का जाता जाता सांगून जातो की आपापल्या नोकऱ्यांबद्दल त्यांनी तोवर एकमेकांना कधी विचारलंच नव्हतं. एका घरात, एका टेबलाशी जेवणारी तीन माणसं. ग्रेगोरच्या बाबतीत जे झालं ते पुन्हा होऊ शकतं, हे त्या एका वाक्यात आहे.

काफ्का स्वतः १९०८ ते १९२२ प्रागमधल्या कामगार अपघात विमा संस्थेत नोकरीला होता. दुपारी दोनला ऑफिस सुटे, लिखाण रात्री. नोकरी आपल्याला खाते अशी तक्रार त्याच्या डायऱ्यांत आणि पत्रांत सतत आहे. पण त्याच नोकरीत त्याने लाकूड रंधणाऱ्या यंत्रांवर अहवाल लिहिला. चौकोनी दांड्याच्या यंत्रात कामगारांची बोटं जातात, गोल दांडा बसवला तर वाचतील, हे त्यात आकृत्यांसह मांडलं आहे. गजर, गाडी, विम्याचा डॉक्टर हे तपशील इतक्या खात्रीने लिहिणारा माणूस ऑफिसाकडे फक्त तिरस्काराने पाहत असेल हे मला पटत नाही. तो पाहत होता, हे महत्त्वाचं.

मीठ जास्त झालंय

रितेश बत्राच्या 'द लंचबॉक्स'मध्ये (२०१३) साजन फर्नांडिस पस्तीस वर्षं एका सरकारी ऑफिसात दाव्यांच्या फायली तपासतो आहे. निवृत्ती जवळ आली आहे. चुकून त्याच्या टेबलावर इलाचा डबा येतो आणि डब्यातून चिठ्ठ्या सुरू होतात. याला प्रेमकथा म्हणतात, आणि ती आहेच. पण ती सुरू कशी होते ते पाहा. डबा चाटूनपुसून रिकामा परत येतो, तेव्हा इलाला संशय येतो. नवऱ्याला विचारते तर तो भाजीची तारीफ करतो. ती भाजी तिने केलेलीच नसते. आपल्या घरचा डबा आणि खाणावळीचा डबा यांतला फरक ज्याला कळत नाही असा माणूस घरात आहे, आणि ज्याला कळला तो कुठेतरी भलत्याच ऑफिसात बसलाय. पहिल्या चिठ्ठीला साजन उत्तर देतो तेही आज मीठ जास्त झालं होतं एवढंच. इला दुखावते. पण चव घेतल्याशिवाय मिठाची तक्रार करता येत नाही.

त्यानंतर साजन बदलतो म्हणजे काय होतं? नोकरी तीच राहते, फायली त्याच, लोकल तीच. फरक इतकाच की चिठ्ठीत लिहायचं आहे म्हणून तो दिवसभर बघायला लागतो. रस्त्यावर एक चित्रकार रोज तेच चित्र काढत बसलेला असतो. साजन जवळ जाऊन पाहतो तेव्हा कळतं की दर चित्रात काहीतरी थोडं वेगळं आहे, आणि हे तो इलाला कळवतो. कळवायला कुणी नसतं तर तो थांबला असता का? इरफान खानचा अभिनय इथे फार बारीक आहे. साजनचा चेहरा एकदम फुलत नाही. फक्त डबा उघडण्याआधीचा एक क्षण लांबतो. शेख नावाचा शिकाऊ, लोकलमध्ये भाजी चिरणारा, त्याच्या टेबलाशी येऊन बसतो आणि साजन हळूहळू त्याला बसू देतो.

या सिनेमावर माझा एक आक्षेप आहे. इलाची पूर्णवेळ नोकरी तिचं स्वयंपाकघर आहे. तिला निवृत्ती नाही, शनिवार-रविवारही नाही. वरच्या मजल्यावरच्या देशपांडे मावशी, ज्यांचा आपल्याला फक्त भारती आचरेकरांचा आवाज ऐकू येतो, पंधरा वर्षं अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याचं करतायत. सिनेमा हे दाखवतो, पण साजनच्या पस्तीस वर्षांचं वजन जसं जाणवून देतो तसं यांच्या वर्षांचं देत नाही. तरी एक गोष्ट मान्य करायला हवी. खिडकीतून वर-खाली मारलेल्या हाका, टोपलीतून खाली आलेली मिरची, हे दोघींचंही एकमेकींना दिवस सांगणंच आहे. आणि शेवटी साजन नाशिकहून परत फिरतो आणि लोकलमध्ये डबेवाल्यांच्या सोबत बसलेला दिसतो. ते टाळ घेऊन भजन करतायत. ज्यांच्या वक्तशीरपणाचं जगभर कौतुक होतं त्या माणसांचा कामावरून परतीचा तास असा जातो.

सात दिवस, पूर्ण

जिम जार्मुशचा 'पॅटर्सन' (२०१६) 'तमाशा'च्या नेमका उलट आहे. न्यू जर्सीतल्या पॅटर्सन गावात पॅटर्सन नावाचाच एक बस ड्रायव्हर. सोमवार, मंगळवार, बुधवार असा एकेक दिवस सिनेमा पूर्ण दाखवतो. उठणं, मनगटी घड्याळ पाहणं, डबा घेऊन चालत डेपोत जाणं, गाडी सुरू होण्याआधी वहीत दोन ओळी लिहिणं, बस, प्रवाशांच्या गप्पा, घर, कुत्र्याला फिरवणं, एक बिअर. शुक्रवारी बस बंद पडते. सिनेमातली ऑफिसची सगळ्यात मोठी घटना ही.

पहिले दोन दिवस कंटाळा येतो. मी फोन हातात घेतला, खरं सांगतो. गुरुवारपर्यंत मात्र पोस्टाची पेटी आज किती वाकडी आहे हे मी बघायला लागलो होतो. न कापता दाखवलेला दिवस असं काम करतो. मोंटाजमध्ये सगळे दिवस सारखे दिसतात, इथे एकही दुसऱ्यासारखा दिसत नाही.

रोज सकाळी डेपोतला डॉनी बसपाशी येतो. पॅटर्सन विचारतो, कसं काय? डॉनी यादीच वाचतो: मुलीच्या दातांना तारा लावायच्यात, गाडी बिघडलीय, घराचे हप्ते थकलेत, भारतातल्या काकांचा फोन आलाय, लग्नाला पैसे हवेत, आणि पाठीवर कसलंसं पुरळ उठलंय. मग तो पॅटर्सनला विचारतो, तुझं काय? ठीक आहे, असं उत्तर येतं. सगळे हसतात तो हा प्रसंग. मला या वेळी वाटलं की डॉनीकडे तक्रारीची भाषा आहे आणि पॅटर्सनकडे ती नाही. त्याचं सांगणं सगळं वहीत जातं, आणि वही तो कुणाला दाखवत नाही. बायको, लॉरा, सारखी म्हणते की निदान झेरॉक्स तरी काढ. शनिवारी कुत्रा वहीचा भुगा करतो. रविवारी धबधब्याजवळ एक अनोळखी जपानी माणूस भेटतो, कवितेबद्दल बोलतो आणि जाताना त्याला एक कोरी वही देतो.

पॅटर्सनची नोकरी जार्मुशने फार मऊ रंगवली आहे, हे खरं. वेळेवर सुटणारी पाळी, टार्गेट नाही, रात्री साडेदहाला येणारे मेसेज नाहीत. त्याच्याकडे स्मार्टफोनच नाही. माझ्या कुठल्याही मित्राला ही नोकरी चालेल. पण म्हणून सिनेमाचं म्हणणं खोटं ठरत नाही. चांगली नोकरी असूनही त्या माणसाला एक वाचणारा लागतो.

सहा, सहा, सहा, चार

आपल्याकडे हे मर्ढेकरांनी फार आधी केलं. आकाशवाणीत नोकरी करणाऱ्या या कवीने एका कवितेत ऑफिसला जाणाऱ्या माणसाची दिनचर्या सरळ अभंगात घातली आहे. सकाळचा चहा आहे, लोकल आहे, आणि वृत्त तुकोबांचं. सहा, सहा, सहा आणि मग चार अक्षरं. शाळेत आम्हाला सांगितलं गेलं की हा उपहास आहे: संतांच्या उपदेशाच्या जागी यंत्रयुगातला पोकळ नित्यक्रम. उपहास आहेच. पण अभंग ही रोज म्हणायची गोष्ट आहे. रोज तेच म्हणण्यासाठीच तो साचा घडला आहे. मर्ढेकरांनी कारकुनाच्या दिवसाला तो दिला तेव्हा तो दिवस निदान म्हणण्याजोगा झाला. आजही ही कविता चालीवर म्हणून पाहिली तर शेवटच्या चार अक्षरांशी दम संपल्यासारखा होतो, लोकल पकडून आत शिरल्यावर होतो तसा.

आणि त्याच्याही आधी जातं होतं. 'तेच ते दळण' असं आपण कंटाळ्याने म्हणतो, पण प्रत्यक्ष दळणाऱ्या बायकांनी त्या कामातून काय काढलं ते पाहा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून जमवलेल्या जात्यावरच्या ओव्या एक लाखाहून जास्त आहेत. पहाटे, अंधारात, खुंट्याला दोघींचे हात, आणि त्यात सासर, भाऊ, पाऊस, विठ्ठल, आंबेडकर, सगळं येतं. समोर दुसरी बाई बसलेली असते, ती ऐकते आणि पुढची ओवी तिची. जातं परत यावं असं कुणीही म्हणणार नाही. ज्या बायकांनी ते ओढलं त्या तर नाहीच. गिरणी आली, हात सुटले, ते बरंच झालं. पण गिरणीबरोबर ओवीची जागाही गेली, आणि नव्या कामांनी तशी जागा तयार केली नाही. आमच्या ऑफिसात दर सकाळी पंधरा मिनिटांची मीटिंग असते. काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय, असे तिला तीन प्रश्न ठरलेले. दिवस सांगण्याचा तोच एक प्रसंग, आणि त्यात सांगण्यासारखं काही सांगायचं नसतं.

बारनिशी

एवढं सगळं वाचून-पाहून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की माझे बाबा एकतीस वर्षं एका सरकारी कार्यालयात होते आणि ते तिथे काय करायचे हे मला माहीत नाही. 'क्लार्क' एवढं माहीत. सव्वानऊची बस आणि संध्याकाळी पिशवीत भाजी, एवढं आठवतं. मी त्यांचा मोंटाजच पाहिला होता.

फोनवर विचारलं. "काय करायचो म्हणजे? नेहमीचंच." मी फोन ठेवला नाही. थोडं थांबून म्हणाले, बारा वर्षं आवक-जावकच्या टेबलावर होतो. बारनिशी. आलेल्या प्रत्येक टपालाला नंबर द्यायचा, शिक्का मारायचा, रजिस्टरला नोंद करायची. आलेली पाकिटं उलटी करून, खळ लावून पुन्हा वापरायची. मग म्हणाले, अक्षरावरून माणूस कळायचा. एकाच माणसाचा अर्ज पाचव्यांदा आला की अक्षर बिघडलेलं असायचं. तसा अर्ज मी गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवायचो. त्याने फार काही व्हायचं नाही, पण ठेवायचो.

मग त्यांनी विचारलं, तुझं काय? मी पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये चुका शोधतो. त्या दिवशी पगारपत्रकावर 'ळ' उमटत नव्हता. कांबळे, काळे, गोखले ठीक, पण पहिल्या दोघांच्या नावात चौकोनी डबा येत होता. दोन तास गेले. हे मी एरवी कुणाला सांगितलं नसतं. बाबा खूप हसले आणि म्हणाले, आमच्याकडे टाइपरायटरचा एक खिळा तुटला होता, वर्षभर सगळी पत्रं तशीच गेली. कुठलं अक्षर होतं ते मात्र त्यांना आठवेना.

याने माझे तास कमी झाले नाहीत. कामाचे तास किती असावेत, रात्रीचे मेसेज कुणी का पाठवावेत, ही भांडणं वेगळी आहेत आणि ती करायलाच हवीत. कथा-कविता त्याला पर्याय नाही. पण ज्या माणसाला स्वतःच्या कामाचा एक दिवसही नीट सांगता येत नाही, तो त्या दिवसासाठी भांडणार कसा? म्हणून नोकरीबद्दलची नवी गोष्ट समोर आली की मी आता आधी एवढंच पाहतो: नायक दिवसभर नेमकं काय करतो, हे लेखकाने विचारलंय का.

काल रात्री बाबांनी स्वतःहून फोन केला. तुटलेलं अक्षर 'ध' होतं.